फेमटोसेकंदाचे माप आणि साधा एलईडी

अतिलघु लेसर स्पंद काही फेमटोसेकंद ते काही शे फेमटोसेकंद टिकतात. सेकंदाचे शंभर कोटी भाग करून त्यातल्या एका भागाचे पुन्हा दहा लाख भाग केले, की एक फेमटोसेकंद होतो. तेवढ्या अवधीत प्रकाश ०.३ मायक्रोमीटर पुढे सरकतो, म्हणजे १०० फेमटोसेकंदांच्या स्पंदाची हवेतली लांबी ३० मायक्रोमीटर भरते. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत, काच आणि धातू कोरण्याच्या कामात, द्विफोटॉन सूक्ष्मदर्शकात आणि रासायनिक क्रियांचे टप्पे पाहण्याच्या संशोधनात आज असे स्पंद वापरले जातात. या सगळ्या कामांत स्पंदाचा कालावधी माहीत असावा लागतो. तेवढीच ऊर्जा निम्म्या काळात आली, तर शिखरशक्ती दुप्पट होते आणि पदार्थाचा प्रतिसाद पार बदलू शकतो.

हा कालावधी थेट मोजता येत नाही. वेगवान फोटोडायोड आणि ऑसिलोस्कोप यांची मजल पिकोसेकंदांपर्यंतच, म्हणजे फेमटोसेकंदाच्या हजारपटीच्या घरातच संपते. स्ट्रीक कॅमेरा त्याच्या थोडा पुढे जातो, पण १० फेमटोसेकंदांचा स्पंद त्याच्याही आवाक्याबाहेर असतो. म्हणून स्पंद त्याच्या स्वतःच्याच प्रतीने मोजण्याची रीत पडली. मायकेल्सनच्या व्यतिकरणमापीत अर्धपारदर्शक आरसा स्पंदाचे दोन सारखे भाग करतो. एक भाग स्थिर आरशावरून परततो, दुसरा सरकत्या आरशावरून, आणि दोन्ही एकाच रेषेत येऊन शोधकावर पडतात. सरकता आरसा ०.१५ मायक्रोमीटर हलला, की प्रकाशाची जाऊन-येऊन वाट ०.३ मायक्रोमीटरने वाढते आणि दोन प्रतींमध्ये एका फेमटोसेकंदाचे अंतर पडते. वेळेचे माप अशा रीतीने लांबीच्या मापात उतरते, आणि लांबी मोजणे माणसाला चांगले जमते.

येथे साधा शोधक ठेवून मात्र भागत नाही. साध्या शोधकाची धारा प्रकाशाच्या तीव्रतेच्या सम प्रमाणात असते. तो देतो त्या आलेखात स्पंदाच्या वर्णपटाएवढीच माहिती असते, त्याहून काही नसते. नीट जुळलेला २० फेमटोसेकंदांचा स्पंद आणि तोच वर्णपट राखून काचेतून जाताना पसरलेला २०० फेमटोसेकंदांचा स्पंद या शोधकाला अगदी एकसारखे दिसतात. दोन प्रती एकाच क्षणी आल्या तरच जादा प्रतिसाद देणारा, म्हणजे तीव्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात बोलणारा शोधक येथे लागतो. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात हे काम अरेषीय स्फटिकांनी केले. असा स्फटिक दोन फोटॉन जोडून दुप्पट ऊर्जेचा एक फोटॉन देतो, आणि त्या नव्या प्रकाशाची तीव्रता मूळ तीव्रतेच्या वर्गाप्रमाणे वाढते. आरसा सरकवत ती टिपली, की मिळणाऱ्या आलेखाला ऑटोकोरिलेशन म्हणतात.

१९९०च्या दशकात या स्फटिकाच्या जागी बाजारात मिळणारा साधा अर्धवाहक डायोड बसवता येतो, असे दिसून आले. तेव्हापासून असा डायोड स्फटिकाची जागा खरोखर घेऊ शकतो का, या प्रश्नावर प्रयोगशाळांत दोन भूमिका दिसतात. पहिली लेसर रोज चालवणाऱ्या प्रयोगकर्त्याची आहे. दुसरी मापनतज्ज्ञाची, ज्याला प्रत्येक आकड्यामागची गृहीतके तपासायची असतात. दोघांचा वाद पुढे संवादरूपाने मांडला आहे.

प्रयोगकर्ता : डायोडचे तत्त्व जुने आहे. एक अणू एकाच क्षणी दोन फोटॉन शोषू शकतो, हे मारिया गोपर्ट-मायर यांनी १९३१ मध्ये गणिताने दाखवले होते. लेसर आल्यावर १९६१ मध्ये कायझर आणि गॅरेट यांनी ते प्रयोगात पाहिले. अर्धवाहकातही तेच घडते. त्यातल्या इलेक्ट्रॉनला मोकळे व्हायला ठरावीक किमान ऊर्जा लागते, तिला बँडगॅप म्हणतात. लाल प्रकाश देणाऱ्या अॅल्युमिनियम-गॅलियम-आर्सेनाइडच्या एलईडीत ती सुमारे १.९ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. टायटेनियम-सफायर लेसरच्या ८०० नॅनोमीटर प्रकाशाचा फोटॉन १.५५ इलेक्ट्रॉनव्होल्टचा असतो. एकटा फोटॉन कमी पडतो, म्हणून तो शोषलाच जात नाही. दोन एकत्र आले, की ३.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट होतात आणि इलेक्ट्रॉन सुटतो. बँकेच्या लॉकरला ग्राहकाची आणि बँकेची अशा दोन्ही किल्ल्या लागतात, तसा हा प्रकार आहे. त्यामुळे एलईडीतून निघणारी धारा आपोआपच तीव्रतेच्या वर्गाप्रमाणे वाढते. स्फटिक, निळ्या प्रकाशाचा गाळणीपट आणि फोटोमल्टिप्लायर या तिघांचे काम दोन पायांचा एक सुटा भाग करतो.

मापनतज्ज्ञ : तत्त्व मान्य आहे. पण एलईडी प्रकाश देण्यासाठी बनवला जातो, प्रकाश मोजण्यासाठी नाही. त्याच्या पत्रकात शोधक म्हणून एकही गुण लिहिलेला नसतो. शिवाय अर्धवाहकात सुटलेले इलेक्ट्रॉन नॅनोसेकंदांपर्यंत जिवंत राहतात. ज्याच्या आत घडलेली गोष्ट नॅनोसेकंदभर रेंगाळते, त्याने फेमटोसेकंद मोजले हे कसे मानायचे?

या आक्षेपाचे उत्तर मापनाच्या रचनेतच आहे. डायोडने वेगाने प्रतिसाद द्यावा, अशी अपेक्षाच येथे नसते. वेगवान असावी लागते ती शोषणाची क्रिया. दोन फोटॉनांचे शोषण जवळजवळ तत्क्षणी होते, कारण अधल्यामधल्या स्थितीत इलेक्ट्रॉन टिकून राहत नाही. पुढे तो किती काळ जगतो आणि विद्युताग्रापर्यंत किती सावकाश पोहोचतो, याने फरक पडत नाही. शोधकाने फक्त एकूण प्रभार मोजायचा असतो. आरशाची एक जागा म्हणजे दोन प्रतींमधले एक अंतर, आणि त्या अंतराला एक सरासरी धारा. आरसा हळूहळू सरकत जातो आणि आलेख बिंदूबिंदूने तयार होतो.

हळूहळू म्हणजे किती, तेही पाहण्यासारखे आहे. सरकता आरसा पुष्कळदा लाउडस्पीकरच्या पडद्याला चिकटवलेला असतो. १०० फेमटोसेकंदांच्या स्पंदाचा आलेख पायथ्याशी सुमारे ४०० फेमटोसेकंद रुंद असतो. स्पीकरने तेवढे अंतर २० मिलिसेकंदांत पार केले, तर वेळ पाच हजार कोटी पटींनी ताणली जाते. ८०० नॅनोमीटर प्रकाशाचे एक दोलन २.६७ फेमटोसेकंदांचे असते, म्हणून त्या आलेखात सुमारे १५० व्यतिकरण पट्टे दिसतात. २० मिलिसेकंदांत १५० पट्टे म्हणजे सेकंदाला साडेसात हजार. साध्या रोधकावर डायोडची धारा घेऊन कोणताही ऑसिलोस्कोप एवढा वेग सहज टिपतो.

प्रयोगकर्ता : त्या पट्ट्यांमुळे मोजपट्टी वेगळी आणावी लागत नाही. पट्ट्यापट्ट्यांतले अंतर लेसरच्या तरंगलांबीने ठरलेले असते. स्पीकर किती सरकला, त्याची चाल सारखी आहे की नाही, हे दुसऱ्या उपकरणाने तपासण्याची गरज नाही. पट्टे मोजले, की वेळ मोजली.

मापनतज्ज्ञ : ती सोय स्फटिकाच्या व्यतिकरणी ऑटोकोरिलेशनमध्येही आहे. तिचे श्रेय मायकेल्सनला द्यावे लागेल, डायोडला नाही. डायोडचे स्वतःचे काय, ते सांगा.

प्रयोगकर्ता : डायोडचे स्वतःचे म्हणजे त्याला जुळणीची अट नाही. स्फटिकात मूळ प्रकाश आणि दुप्पट वारंवारितेचा प्रकाश यांचे वेग जुळवावे लागतात. त्यासाठी स्फटिक ठरावीक कोनात कापावा लागतो, ध्रुवीकरण सांभाळावे लागते, आणि ही जुळणी ठरावीक तरंगलांबीच्या आसपासच टिकते. बीबीओ स्फटिकात ८०० आणि ४०० नॅनोमीटरच्या प्रकाशात दर मिलिमीटरला सुमारे १९० फेमटोसेकंदांची फारकत पडते. १० फेमटोसेकंदांचा स्पंद मोजायचा, तर स्फटिक काही दशक मायक्रोमीटर जाडीचाच हवा. इतका पातळ काप महाग पडतो, आणि तो जितका पातळ तितका संकेतही क्षीण होतो. डायोडमध्ये दुसरा प्रकाश तयारच होत नाही, मग वेग जुळवायचे कुणाशी? पुढच्या टोकाचा पुरावाही आहे. १९९७ मध्ये स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात रीड, पॅजेट, सिबेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एलईडीने फेमटोसेकंद स्पंद मोजून दाखवले. त्याच वर्षी कॉर्नेलचे रांका आणि गेटा, तसेच ग्रोनिंगेनचे बाल्टुश्का, प्शेनिच्निकोव्ह आणि विर्स्मा यांनी गॅलियम-आर्सेनाइड-फॉस्फाइडच्या फोटोडायोडने ६ फेमटोसेकंदांचा स्पंद मोजला. ८०० नॅनोमीटरला सहा फेमटोसेकंद म्हणजे विद्युतक्षेत्राची अवघी सव्वादोन दोलने.

सेंट अँड्र्यूजचा येथे आलेला उल्लेख योगायोगाचा नाही. टायटेनियम-सफायर लेसर पीटर मोल्टन यांनी १९८२ मध्ये एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत दाखवला होता. तो आपोआप मोडलॉक होऊन, म्हणजे आतल्या तरंगांचा ताल एकमेकांशी जुळून, ६० फेमटोसेकंदांचे स्पंद देतो, हे १९९१ मध्ये स्पेन्स, कीन आणि सिबेट यांनी सेंट अँड्र्यूजमध्ये पाहिले. त्यानंतर असे लेसर जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचले आणि रोजच्या रोज, स्वस्तात मोजण्याची निकड निर्माण झाली. डायोडची कल्पना त्या निकडीतून पुढे आली.

मापनतज्ज्ञ : प्रत्येक डायोड प्रत्येक लेसरला चालत नाही, हेही त्यात जोडायला हवे.

हा मुद्दा निर्विवाद आहे. एका फोटॉनची ऊर्जा बँडगॅपपेक्षा कमी आणि दोन फोटॉनांची मिळून जास्त असली पाहिजे. १.८८ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या लाल एलईडीला ही अट ६६० ते १३२० नॅनोमीटर या पट्ट्यात पुरी होते. सिलिकॉनचा बँडगॅप १.१२ इलेक्ट्रॉनव्होल्ट असतो. ८०० नॅनोमीटरचा एकच फोटॉन त्यात शोषला जातो, म्हणून टायटेनियम-सफायरसाठी सिलिकॉनचा फोटोडायोड निरुपयोगी ठरतो. दूरसंचाराच्या १५५० नॅनोमीटर प्रकाशाचा फोटॉन मात्र ०.८० इलेक्ट्रॉनव्होल्टचा असतो, आणि तेथे तोच सिलिकॉन डायोड उत्तम द्विफोटॉन शोधक होतो. सीमेच्या अगदी जवळ काम करणे टाळावे. बँडगॅपच्या कडेला अशुद्धी आणि दोष यांमुळे एका फोटॉनचे थोडे शोषण होतच राहते. दुसऱ्या टोकाला दोन फोटॉन कमी पडून तीन लागू लागतात, आणि मग प्रतिसाद वर्गाचा न राहता घनाचा होतो.

मापनतज्ज्ञ : म्हणजे डायोड खरोखर वर्गाप्रमाणे बोलतो आहे की त्यात एका फोटॉनची भेसळ झाली आहे, हे दरवेळी सिद्ध करावे लागेल. पत्रकात काही नाही, मग विश्वास ठेवायचा कशावर?

प्रयोगकर्ता : आलेखावरच. आलेख स्वतःची परीक्षा स्वतः देतो.

या परीक्षेचा हिशेब सोपा आणि फार मोलाचा आहे. एका प्रतीचे विद्युतक्षेत्र एक एकक धरू. तीव्रता क्षेत्राच्या वर्गाप्रमाणे असते आणि द्विफोटॉन धारा तीव्रतेच्या वर्गाप्रमाणे, म्हणजे धारा क्षेत्राच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढते. दोन प्रती एकमेकींपासून दूर असताना प्रत्येकीची धारा एक, मिळून दोन. दोन्ही तंतोतंत एकाच क्षणी आल्या, की क्षेत्रे बेरजेने दोन होतात आणि दोनाचा चौथा घात सोळा. सोळाला दोनाने भागून आठ. म्हणून चांगल्या व्यतिकरणी ऑटोकोरिलेशनचे शिखर पायथ्याच्या बरोबर आठपट उंच असते. शोधक साधा, एका फोटॉनचा असता, तर हेच प्रमाण दोनास एक आले असते. तीन फोटॉनांचा असता, तर बत्तीसास एक. आलेखात आठाच्या जागी सहा किंवा पाच दिसले, तर तीनपैकी एखादी गोष्ट बिघडलेली असते. दोन भुजांतली शक्ती सारखी नसेल, किरण नीट जुळलेले नसतील, किंवा डायोडमध्ये एका फोटॉनचे शोषण मिसळले असेल.

दुसरी परीक्षा याहून झटपट होते. लेसरचा मोडलॉक तोडला, की सरासरी शक्ती साधारण तीच राहते, पण स्पंद नाहीसे होतात. सेकंदाला ८ कोटी स्पंद देणाऱ्या लेसरमध्ये दोन स्पंदांत १२.५ नॅनोसेकंदांचे अंतर असते. स्पंद १०० फेमटोसेकंदांचा असेल, तर प्रकाश एकूण वेळेच्या सव्वा लाखाव्या हिश्शातच असतो. सरासरी १०० मिलिवॉट शक्तीत प्रत्येक स्पंदाची शिखरशक्ती १२.५ किलोवॉट भरते. वर्गाप्रमाणे बोलणाऱ्या शोधकाला अखंड किरणापेक्षा स्पंदांकडून सुमारे सव्वा लाख पट धारा मिळते. मोडलॉक तुटताच डायोडची धारा जवळजवळ शून्यावर आली, तर शोषण दोन फोटॉनांचेच आहे. धारा तेवढीच राहिली, तर तो डायोड बाजूला ठेवावा. तिसरी परीक्षा शक्ती निम्मी करण्याची. धारा एक चतुर्थांश व्हायला हवी. प्रखर प्रकाशात ती तशी होत नाही. आत वाहक साचतात, धारा तृप्तीकडे झुकते आणि आठाचे प्रमाण खाली येते. अशा वेळी प्रकाश कमी करावा. अनेकांना सवय संकेत वाढवण्याची असते, येथे मात्र तो कमी केल्याने माप सुधारते.

मापनतज्ज्ञ : या परीक्षा चांगल्या आहेत. पण त्या शोधकाच्या परीक्षा आहेत, स्पंदाच्या नाहीत. आठास एक हे प्रमाण स्पंद गचाळ असला तरी येते. लेसर एकसंध स्पंदाऐवजी गोंगाटाचे झुपके सोडत असेल, दर झुपक्याचा आकार वेगळा असेल, तरी शून्य अंतरावर प्रत्येक झुपका स्वतःशी पूर्ण जुळतोच. आलेखात रुंद पायथ्यावर एक बारीक सुळका उभा राहतो. नवखा माणूस तो सुळका मोजतो आणि स्पंद ५० फेमटोसेकंदांचा आहे असे लिहून मोकळा होतो. प्रत्यक्षात झुपका काही पिकोसेकंदांचा असतो.

या आक्षेपामागे इतिहास आहे. १९६७ मध्ये गिओर्डमेन, रेंटझेपिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्विफोटॉन प्रतिदीप्तीची पद्धत आणली. समोरासमोर येणारे दोन स्पंद रंगद्रव्याच्या द्रावणात जेथे भेटतात, तेथे उजळ ठिपका दिसतो आणि त्याचे छायाचित्र घेता येते. या रीतीने पिकोसेकंद स्पंदांची मापे प्रसिद्ध होऊ लागली. पुढच्याच वर्षी वेबर, क्लॉडर, ड्युगे आणि गिओर्डमेन यांच्या विश्लेषणांतून स्पष्ट झाले, की निव्वळ गोंगाटाचा प्रकाशही असाच उजळ ठिपका देतो. फरक उजळपणाच्या प्रमाणात असतो, खऱ्या स्पंदासाठी ते तीनास एक आणि गोंगाटासाठी दीडास एक. ठिपका दिसला म्हणजे स्पंद मोजला, हा समज तेव्हाच खोटा ठरला. शून्य अंतरावरच्या या फसव्या सुळक्याची गाठ आजही नव्या लेसरवर काम करणाऱ्यांना पडते, आणि मापनतज्ज्ञाचा हा आक्षेप संपूर्ण वादात सर्वांत वजनदार आहे.

प्रयोगकर्ता : आक्षेप खरा. पण तो डायोडला लागू होतो तेवढाच स्फटिकालाही लागू होतो. दोष ऑटोकोरिलेशनचा आहे. आणि पट्टेदार आलेख तर साध्या आलेखापेक्षा जास्त सांगतो. स्पंदात वेगवेगळे रंग मागेपुढे झाले असतील, म्हणजे चिर्प असेल, तर पट्टे कडेला लवकर विरतात आणि मधल्या शिखराशेजारी सपाट खांदे दिसतात. लेसरमधला प्रिझम थोडा आत-बाहेर केला, की ते खांदे पडद्यावर मिटताना दिसतात. सेकंदाला कित्येक वेळा नवा आलेख येतो. लेसर जुळवणाऱ्याला हेच हवे असते.

मापनतज्ज्ञ : खांदे चिर्प आहे असे सांगतात, कोणता ते सांगत नाहीत. आलेख नेहमी समरूप असतो. स्पंदाची आधीची बाजू उतरती आहे की नंतरची, निळा रंग पुढे आहे की लाल, ही माहिती त्यात नाही. आणि कालावधी काढायला आकार गृहीत धरावाच लागतो. तीव्रतेचा ऑटोकोरिलेशन १५४ फेमटोसेकंद रुंद आला, तर सेक-वर्ग आकार धरून १.५४ ने भागायचे आणि उत्तर १०० लिहायचे. गाऊस आकार धरला, तर १.४१ ने भागून १०९ येतात. कोणता आकार खरा, हे आलेख सांगत नाही. संशोधक लहान आकडा देणारा आकार निवडतात, हेही पाहण्यात येते.

प्रयोगकर्ता : वर्णपट सोबत घेतला, तर पुष्कळ शंका मिटतात. नागानुमा, मोगी आणि यामादा यांनी १९८९ मध्ये दाखवले, की व्यतिकरणी ऑटोकोरिलेशन आणि वर्णपट मिळून काळाची दिशा सोडल्यास स्पंदाची माहिती काढता येते.

मापनतज्ज्ञ : कागदावर. प्रयोगातला आलेख थोडा खडबडीत असतो. स्पष्टपणे वेगळे असलेले दोन स्पंद जवळजवळ एकसारखे ऑटोकोरिलेशन आणि हुबेहूब एक वर्णपट देऊ शकतात, हे चुंग आणि वायनर यांनी २००१ मध्ये उदाहरणांनी मांडले. आलेखातला सूक्ष्म फरक गोंगाटात बुडाला, की गणिताची खात्री उरत नाही. म्हणून तर १९९० नंतर नव्या पद्धती आल्या. ट्रेबिनो आणि केन यांच्या फ्रॉगमध्ये दुप्पट वारंवारितेच्या प्रकाशाची नुसती तीव्रता टिपत नाहीत. प्रत्येक अंतराला त्याचा वर्णपट टिपतात आणि द्विमितीय नकाशातून स्पंदाची तीव्रता व कला (फेज) दोन्ही काढतात. १९९८ मध्ये आयाकोनिस आणि वाल्म्सली यांनी स्पायडर आणली. तिच्यात कला व्यतिकरणाने सरळ वाचता येते. फ्रॉगमध्ये माहिती गरजेपेक्षा जास्त असते, त्यामुळे माप चुकले तर विसंगती उघडी पडते. डायोड तेथे कधीच पोहोचू शकत नाही, कारण तो प्रकाश देत नाही, धारा देतो. इलेक्ट्रॉनांचा वर्णपट कसा घेणार?

डायोडची खरी मर्यादा येथे आहे, आणि त्याचे समर्थक ती पुरेशी ठळकपणे सांगत नाहीत. स्फटिकातून आलेला निळा प्रकाश वर्णपटमापीत नेता येतो, डायोडमध्ये मात्र फोटॉनांचे रंग एकूण प्रभारात विरघळून जातात. ज्या साधेपणामुळे फिल्टर, फोटोमल्टिप्लायर आणि जुळणी यांतून सुटका होते, त्याच साधेपणाची ही किंमत आहे.

डायोडचा वरचष्मा असलेली एक जागा मात्र मापनतज्ज्ञालाही मान्य करावी लागते. १९९० मध्ये कॉर्नेल विद्यापीठात डेंक, स्ट्रिकलर आणि वेब यांनी द्विफोटॉन सूक्ष्मदर्शक मांडला. त्यात स्पंद वस्तुभिंगातून जातो आणि नमुन्यातल्या एका सूक्ष्म बिंदूवर केंद्रित होतो. भिंगाच्या काचेत त्याचे रंग मागेपुढे होऊन तो पसरतो. लेसरच्या तोंडाशी मोजलेला कालावधी तेथे कामाचा नसतो, तो नमुन्याच्या जागी मोजावा लागतो. भिंगातून प्रकाश फार रुंद कोनातून येत असल्यामुळे स्फटिकाची कोनजुळणी तेथे अवघड होते. डायोडला कोनाची अट नाही. नमुन्याच्या जागी डायोड ठेवला, भिंग तसेच राहू दिले आणि आरसा सरकवला, की नमुन्याला मिळणाऱ्या स्पंदाचेच माप हाती येते.

काचेचा हा परिणाम डायोडच्या स्वतःच्या वेष्टनालाही लागू होतो. फोटोडायोडवर काचेची खिडकी असते आणि एलईडीवर प्लॅस्टिकचा घुमट. बीके-७ काचेच्या एका मिलिमीटरमुळे १०० फेमटोसेकंदांचा स्पंद मोजता येईल इतकाही बदलत नाही. १० फेमटोसेकंदांचा स्पंद मात्र तेवढ्याच काचेतून सुमारे १६ फेमटोसेकंदांचा होऊन बाहेर पडतो. शिवाय घुमट प्रकाशाची नाभी बिघडवतो. म्हणून एलईडीचा घुमट घासून सपाट करावा आणि पॉलिश करावा. फार लहान स्पंदांसाठी बिनखिडकीचा फोटोडायोड घ्यावा, आणि प्रकाश भिंगाऐवजी अंतर्वक्र आरशाने केंद्रित करावा. अर्धपारदर्शक आरशाच्या काचेतून दोन्ही भुजांना सारखाच प्रवास घडेल अशी मांडणी हवी. नाहीतर दोन प्रतीच एकसारख्या राहत नाहीत, आणि मग आठाच्या प्रमाणाची अपेक्षा करण्यात अर्थ नसतो.

मापनतज्ज्ञ : मग निकाल काय मानायचा?

प्रयोगकर्ता : लेसर लावताना, प्रिझम हलवताना, सूक्ष्मदर्शकाखाली नमुना ठेवण्यापूर्वी आणि मोडलॉक सुटला की नाही हे पाहताना डायोडच पाहावा. तो तेथे कायमचा ठेवता येतो.

मापनतज्ज्ञ : आणि शोधनिबंधात स्पंदाचा आकार किंवा कला याबद्दल विधान करायचे असेल, नव्या प्रकारच्या लेसरची पहिली ओळख द्यायची असेल, किंवा स्पंद दर वेळी वेगळा असल्याची शंका असेल, तर डायोडचा आलेख पुरावा म्हणून चालणार नाही.

या दोन विधानांत विरोध नाही, आणि प्रत्यक्ष व्यवहारही तसाच चालतो. वादातले बहुतेक आक्षेप डायोडवर घेतले गेले, पण ते ऑटोकोरिलेशन या पद्धतीवर लागू होतात. स्फटिक वापरल्याने त्यांतला एकही आक्षेप मिटत नाही, स्फटिकामागे वर्णपटमापी लावली तरच मिटतो. वर्गाचा प्रतिसाद, आठाचे प्रमाण आणि मोडलॉक तुटताच धारा शून्य होणे या तीन कसोट्यांना उतरलेला डायोड हा शोधक म्हणून स्फटिकाच्या तोडीचा आहे. फेमटोसेकंदांत आकडा लिहिणाऱ्या प्रत्येकाने त्या आकड्यासोबत गृहीत धरलेला आकार, वापरलेला भागाकाराचा गुणक, आलेखातले शिखर-पायथा प्रमाण आणि त्याच दिवशी घेतलेला वर्णपट लिहावा. या चार गोष्टी सोबत नसतील, तर वाचकाने तो आकडा अंदाज म्हणूनच घ्यावा.